तीन वर्षे एका विमा दलाल संस्थेबरोबर: वाळूजच्या कारखान्यातून

वाळूज औद्योगिक वसाहतीतील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी विधी अधिकारी आहे. विमा आणि कायदेशीर पूर्तता ही दोन्ही कामे माझ्याच टेबलावर येतात. गेली तीन वर्षे आम्ही ज्या विमा दलाल संस्थेची सेवा घेत आहोत, तिची शाखा छत्रपती संभाजीनगरात आहे. पुढे तक्रारीही येणार असल्याने तिचे नाव येथे लिहीत नाही.

पहिल्याच नूतनीकरणात या मंडळींनी एक मोलाचे काम केले. आमचा आगीचा विमा वर्षानुवर्षे ताळेबंदातील घसारा वजा केलेल्या किमतीवर काढला जात होता. यंत्रे नव्याने घेण्याचा खर्च 20 कोटी रुपये असताना विमा 12 कोटींचाच असेल, तर एक कोटीच्या नुकसानीपोटी ॲव्हरेजच्या अटीनुसार, म्हणजे विमा जितका अपुरा तितकी भरपाईही कापण्याच्या अटीनुसार, 60 लाखच हाती पडतात, हे त्यांनी आमच्या लेखा विभागाला कागदावर आकडे मांडून पटवले. 1 एप्रिल 2021 पासून लागू असलेल्या भारत लघु उद्यम सुरक्षा पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा माफ होतो खरा, परंतु आमची तूट त्यापेक्षा कितीतरी मोठी होती. हप्ता वाढला म्हणून संचालकांनी कपाळाला आठ्या घातल्या. हप्त्यातून मिळणारी दलाली विमा कंपनी देते, त्यामुळे जास्त रकमेचा सल्ला देण्यात दलालाचाही लाभ असतो, ही शंका मीही बोलून दाखवली होती. यंत्रांची दरपत्रके मागवून स्वतः पडताळल्यावरच मी सही केली.

दुसऱ्या वर्षी मात्र पॉलिसीचा मसुदा जुनी मुदत संपण्याच्या दिवशीच, 31 मार्चच्या दुपारी हाती आला, आणि त्यात शेंद्र्याच्या गोदामाचा पत्ताच नव्हता. विमा कायद्याच्या कलम 64व्हीबी प्रमाणे हप्ता आगाऊ जमा झाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारत नाही. त्यामुळे दुरुस्ती, नवे दरपत्रक आणि रकमेचे हस्तांतरण हे सारे त्याच संध्याकाळी उरकावे लागले. मसुदा ओळीओळीने वाचण्याचे काम दलालाचे होते. ते मी केले.

मे महिन्यात वळवाच्या वादळाने नेमके त्याच गोदामाचे पत्रे उडवले आणि तयार माल भिजला. दाव्याच्या वेळी संस्थेचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर होता. गोदाम व्यवस्थापक भिजलेली खोकी भंगारात काढायला निघाले होते. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही हलवू नका, मात्र कोरडा माल लगेच वेगळा करा, असे सांगून त्याने त्यांना थांबवले. साठ्याच्या नोंदी, छायाचित्रे आणि हवामान खात्याचा अहवाल त्यानेच जुळवून दिला. पॉलिसीच्या अटीनुसार आम्हीच सोसायची रक्कम आणि भंगाराचे मूल्य वजा जाता दावा मंजूर झाला. संचालकांवर त्यांच्या कामावरून होणाऱ्या दाव्यांसाठीच्या, म्हणजे संचालकांच्या दायित्वाच्या विम्याबाबतही त्यांचे मार्गदर्शन चोख होते. दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळातील पॉलिसी लागू होते, त्यामुळे साधी नोटीस आली तरी विमा कंपनीला तत्काळ कळवावे, हे त्यांनी लेखी दिले.

याच संस्थेने वेगळे शुल्क घेऊन दिलेले पूर्ततेचे वेळापत्रक, म्हणजे कोणते कायदेशीर काम कधीपर्यंत करायचे याची यादी, मात्र निराशाजनक निघाले. ते मुंबईतील एखाद्या कार्यालयासाठी बनवलेले असावे. दुकाने व आस्थापनांच्या स्मरणपत्रांची त्यात रेलचेल होती, पण घातक कचऱ्याचे नमुना 4 मधील वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत द्यायचे असते, याचा उल्लेखही नव्हता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेल्या, घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा करणाऱ्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचीही त्यात नोंद नव्हती, आणि विमा विकणाऱ्यांकडून ही चूक मला विशेष खटकली.

यंदा आम्ही विम्याचे काम त्यांच्याकडेच ठेवले आहे. मसुदा 10 मार्चपर्यंत मिळावा, ही अट नेमणूकपत्रात घातली असून वेळापत्रकाची सेवा बंद केली आहे.