मायक्रोॲरे की एक्झोम? बाळाच्या हाताचा पंजा दुभंगलेला असेल तर

मावसबहिणीच्या मुलाच्या दोन्ही हातांना जन्मापासून मधलं बोट नाही, पंजा मधोमध चिरल्यासारखा. घरात कित्येक दिवस ग्रहणात तिने काय चिरलं काय कापलं याचीच चौकशी, त्यावर मी बोलतच नाही. आता दुसऱ्या बाळाचं चाललंय आणि डॉक्टरांनी मायक्रोॲरे आणि एक्झोम अशा जीन्सच्या दोन टेस्ट सांगितल्यात, आधी कुठली करू म्हणून ती विचारतेय.

एक्झोम म्हणजे जीन्सचा प्रोटीन बनवणारा भाग तेवढाच वाचायचा, अख्ख्या डीएनएच्या जेमतेम 1-2 टक्के. एखादं अक्षर चुकलं असेल तर हीच टेस्ट पकडते. पंज्यासोबत दात, केस, त्वचा किंवा ओठ-टाळूचाही प्रॉब्लेम असेल तर टीपी63 जीनवर संशय, मग सरळ एक्झोम.

मायक्रोॲरेला अक्षरं दिसत नाहीत, त्याला अख्खे तुकडे दिसतात, गळालेले नाहीतर डबल झालेले. आणि नुसत्या दुभंगलेल्या पंज्यात हीच भानगड बऱ्याचदा असते, 10 नंबरच्या क्रोमोसोमवर साधारण 5 लाख अक्षरांचा तुकडा डबल झालेला, किंवा 17 नंबरवर बीएचएलएचए9 जीनचा, आणि हा दुसरा तर आईबापाचे हात अगदी नॉर्मल असूनही त्यांच्यात असू शकतो!! म्हणून "आमच्याकडे कुणालाच नाही" यावर जाऊ नका. काही लॅब एक्झोममधूनच असे तुकडे शोधतात पण सगळे सापडतीलच असं नाही, पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

तिच्या मुलाला बाकी काहीच नाही, त्यामुळे मी म्हटलं आधी मायक्रोॲरे, निगेटिव्ह आला तर एक्झोम.

पण हे सगळं याच प्रकाराला हं. अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट असेल तर दोन्ही टेस्ट कोऱ्या येऊ शकतात, कारण एसएचएच जीनचा स्विच (जीन चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा) जीनपासून 10 लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच जीनच्या पोटात बसलाय (लेखक हेमिंग्वेच्या घरच्या सहा बोटांच्या मांजरींची गडबडही त्याच स्विचमध्ये), तिथे त्या स्विचची वेगळी टेस्ट नाहीतर होल जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए वाचायचा. आणि अंगठाच नसेल तर आधी फॅन्कोनी या आनुवंशिक आजारासाठी क्रोमोसोम ब्रेकेजची (क्रोमोसोम किती तुटतात ते बघायची) रक्ततपासणी, त्या आजारात पुढे बोनमॅरो निकामी होऊ शकतो, ती तपासणी लांबवू नका.

आणि सॅम्पल आधी मुलाचं द्या, नवराबायको स्वतःचंच घेऊन धावतात. मुलात काही सापडलं की मग तेवढंच दोघांत बघायचं, आणि पुढच्या वेळी 11-12 आठवड्यांना बाळाचीही तपासणी करता येते.