उताऱ्याचे मूळ ओळखायला शिकवणारा सराव संच

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या ८० प्रश्नांच्या, २०० गुणांच्या दुसऱ्या पेपरसाठी घेतलेल्या या सराव संचातील ‘हा उतारा बहुधा कोठून घेतला असावा?’ या प्रश्नप्रकारावरचे प्रकरण मला मनापासून आवडले. विषयापेक्षा लेखक कोणाला उद्देशून लिहितो आहे याकडे ते लक्ष वेधते. भातशेतीवरील एका उताऱ्यात ‘शेतकऱ्यांनी चिखलणीपूर्वी बांधबंदिस्ती करून घ्यावी’ अशी विध्यर्थी वाक्ये सलग येतात. त्यावरून तो संशोधनपत्रिकेतला नसून शेतकऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकातला ठरतो, आणि ‘पाठ्यपुस्तक’ हा फसवा पर्याय का गळतो, हेही स्पष्टीकरणात नीट उलगडले आहे. अग्रलेख आणि वाचकांचे पत्र यांतला फरक मात्र घाईने उरकला आहे. खरे तर विद्यार्थी तिथेच अडखळतात, त्यामुळे पुढील आवृत्तीत त्यावर आणखी उतारे हवेतच.