अल्फा-गॅल असताना खाऊचं पाकीट तपासायचं कसं: स्कॅनर ॲप की स्वतः लेबल वाचणं?

इथे नॉर्थ कॅरोलिनात घरामागच्या झाडीत लोन स्टार टिक म्हणजे आपली गोचीडच चावली, त्यातून अल्फा-गॅलची, म्हणजे गाय, डुक्कर, मेंढी अशा सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या एका साखरेची ॲलर्जी झाली आणि माझं मटण सुटलं, ते एकवेळ ठीक, पण खरा वैताग पाकिटातल्या खाऊचा. नवीन निदान झालेले बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

ॲप सुरुवातीला छान वाटतं. जिलेटिन, टॅलो (गाईगुरांची चरबी), लार्ड (डुकराची चरबी), स्टिअरिक ॲसिड, प्राण्यांपासून येऊ शकणारं हे सगळं पहिल्या आठवड्यात कोणाच्या लक्षात राहतंय? बारकोड दाखवला की लाल, पिवळा, हिरवा. पण माझं बिनसलं ते त्या पिवळ्यावर. अमेरिकेत लेबलवर नाव घ्यावंच लागतं असे ॲलर्जन 9, तीळ 2023 पासून त्यात आले, गाय-डुक्कर नाहीत, आणि 'नॅचरल फ्लेवर्स' या दोन शब्दांमागे बीफचा अर्कही बसू शकतो. ॲप बिचारं काय करणार, पिवळा दाखवून म्हणतं 'लेबल तपासा'. अहो, लेबलच तपासायचं होतं तर फोन कशाला काढला? एकदा इंडियन स्टोअरमध्ये 11 पाकिटं स्कॅन केली: 7 पिवळी, 890 ने सुरू होणाऱ्या भारतीय बारकोडची 3 सापडलीच नाहीत, हिरवं एकच, ते म्हणजे खारे शेंगदाणे.

लेबल वाचायला आधी चष्मा आणि पेशन्स लागतो, मग दोनेक आठवड्यांत नजर आपोआप नको त्या शब्दावर जाऊन थांबते. भारतातल्या पाकिटावर हिरवा ठिपका असला तर जिलेटिन, चरबी नाही आणि 471 (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायर) पण वनस्पतीचं, अर्धं काम तिथेच झालं. फक्त ठिपक्याला दूध चालतं. मला पचतं, पण सगळ्यांना नाही, त्यामुळे तूप, व्हे वगैरे आपलं आपण डॉक्टरांशी बोलून ठरवा. कॅरागीनन या पदार्थ घट्ट करणाऱ्या घटकाचंही तसंच, शेवाळातून येतं म्हणून ठिपका आणि व्हीगन शिक्का दोन्हीतून सुटतं पण काहींना त्रास होतो, आपल्याकडे 407 आकडा बघा. हे ॲप बरोबर पकडतं, मान्य.

फ्लेवर्ससाठी मी सरळ कंपनीला ईमेल करतो, आणि गाय, डुक्कर, मेंढी अशी नावं घेऊन विचारतो, नुसतं अल्फा-गॅल लिहिलं की 'आमचं प्रॉडक्ट ग्लूटेन-फ्री आहे' असं उत्तर येतं!

थोडं खाऊन बघू हा प्रकार मात्र नको. रिॲक्शन 2 ते 6 तासांनी येते, ऑफिसात संध्याकाळी मार्शमॅलोची वडी खाल्ली, मध्यरात्री अंगभर पित्त उठलं आणि मी दोष दिला रात्रीच्या आमटीला.

तुमचं वेगळं असू शकतं, पहिला महिनाभर ॲप ठेवायला हरकत नाही. माझ्याही फोनमध्ये होतं, आता बायकोच्या फोनमध्ये आहे. ती एकटी दुकानात गेली की स्कॅन करते आणि पिवळा आला की मला पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवते.