जादा एसएमपीएस की मल्टीमीटर? डेस्कटॉप चालूच होत नसेल तेव्हा

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा नाही, दिवा नाही, बीप नाही. भिंतीवरच्या सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून पाहिला, केबल बदलली, एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा स्विच तपासला. इथवर सगळेच येतात. त्यापुढे घरात काय असलेलं बरं यावर दोन मतं पडतात. काहीजण एक जादा एसएमपीएस कपाटात ठेवतात, मशीन बंद पडलं की तो लावून बघतात. काहीजण मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, काढतात. मी चिपळूणला घरून डीटीपीचं काम करतो. आधी पहिला मार्ग धरला होता, आता दुसरा धरलाय. कुणी ठरवायच्या बेतात असेल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

जादा एसएमपीएसची बाजू आधी, कारण ती कमजोर नाही. आकडे वाचायचे नाहीत, वायरी ओळखायच्या नाहीत. २४ पिनचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा, हे दोन लावायचे आणि बटण दाबायचं. चालू झालं की लगेच कामाला बसता येतं. ज्याच्या घरात दोन-तीन असेम्बल केलेली मशीन्स आहेत, त्याला तर हेच सोयीचं. मात्र ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप असेल तर आधी झाकण उघडून कनेक्टर बघा. त्यातल्या बऱ्याच मशीन्समध्ये नेहमीचा २४ पिनचा कनेक्टर नसतोच, मग बाजारातला एसएमपीएस तसाच पडून राहतो.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. ऐन जुलैत मशीन ढिम्म झालं. लग्नपत्रिकांचं काम अंगावर होतं. पुण्याला जाणाऱ्या मित्राला सांगून तपकीर गल्लीतून नवा एसएमपीएस मागवला. कॅबिनेट आडवं केलं, केबली ओढायला पुढचं पॅनेलही काढलं, जुना सोडवला, नवा बसवला. पहिल्याच दाबाला मशीन चालू. जुना एसएमपीएस गेला असं धरून चाललो आणि दोनशे रुपयांत देऊन टाकला.

सप्टेंबरात पुन्हा तेच. नवा एसएमपीएस आत, आणि मशीन तसंच मुकं.

या वेळी शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा पिवळा मीटर मागून आणला, तोच साधा, पाचशेच्या आत मिळणारा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवला, मीटरची काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यावर टेकवली आणि लाल पिन २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत सारली. कनेक्टर मदरबोर्डावर होता तसाच राहू दिला. जांभळ्या वायरीवर ५.०२. म्हणजे मशीन बंद असतानाही जो ५ व्होल्टचा स्टँडबाय यायला हवा, तो येत होता. मग हिरवी. तिच्यावर ४.८. बोर्ड ही हिरवी वायर शून्याजवळ ओढतो तेव्हाच एसएमपीएस जागा होतो. मीटर तसाच धरून मुलीला बटण दाबायला सांगितलं. आकडा हलला नाही. तिने पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, तरी ४.८.

एसएमपीएस हुकमाची वाट बघत होता आणि हुकूमच येत नव्हता. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवरून बटणाचा कनेक्टर काढला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या पिना क्षणभर जोडल्या. मशीन चालू. दोष कॅबिनेटच्या बटणात होता. कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा त्या छोट्या स्विचच्या आत शिरली असावी. जुलैत मी पुढचं पॅनेल काढताना तो हलला, दहादा दाबला गेला, तात्पुरता सुधारला आणि श्रेय नव्या एसएमपीएसला मिळालं. मी देऊन टाकलेला एसएमपीएस धडधाकट होता.

माझा निर्णय या एका गोष्टीवर फिरला. एसएमपीएस बदलताना आपण एकच वस्तू बदलत नाही. कनेक्टर निघतात आणि पुन्हा बसतात, कॅबिनेट हलतं, ढिली पिन घट्ट होते, चिकटलेलं बटण सुटतं. मशीन चालू होतं, पण का झालं ते कळत नाही. मीटर काहीही न हलवता, दोष जागेवर असतानाच मोजतो. दुकानात नेलं की तिथे मशीन चालू होतं आणि घरी आणलं की बंद, या तक्रारीचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं असं मला वाटतं. स्कूटरवरून जाताना मशीन हलतं, आणि पुरावा वाटेतच नाहीसा होतो.

पेपरक्लिपचा प्रयोग अनेकजण सुचवतात. एसएमपीएस बोर्डापासून सोडवायचा, हिरवी वायर काळीला जोडायची आणि पंखा फिरतो का बघायचं. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस बिनओझ्याचा चालतो, एवढंच कळतं. बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक कार्ड यांचं ओझं आल्यावर तो टिकेल का, ते क्लिप सांगत नाही. शिवाय काही नव्या एसएमपीएसचा पंखा ओझं कमी असताना फिरतच नाही, म्हणजे चांगला एसएमपीएससुद्धा बाद ठरायचा.

मीटरचीही मर्यादा आहे. साधा मीटर सरासरी दाखवतो. जुन्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर फुगले की व्होल्टेज थरथरतं, मीटरवर आकडा मात्र ठीक दिसू शकतो. अशा वेळी दुसरा एसएमपीएस लावून बघणंच खरं, हे मान्य. आणखी एक अडचण म्हणजे हल्लीच्या अनेक एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. तिथे रंग उपयोगाचा नाही, पिनांचे क्रमांक बघावे लागतात. स्टँडबाय ९ वी, हिरवीची जागा १६ वी, आणि ‘सगळं ठीक’ असं बोर्डाला सांगणारी करडी ८ वी. मोजताना हात स्थिर हवा. लाल पिन घसरून शेजारच्या पिनला टेकली तर चांगला बोर्डही जाऊ शकतो. ज्याला याची धास्ती वाटते त्याने एसएमपीएस बदलून बघावा, त्यात कमीपणा नाही. एसएमपीएसचा डबा मात्र दोघांनीही उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.

आकड्यांचा अर्थ लावणं फार अवघड नाही. जांभळीवर ४.७५ पेक्षा कमी असेल तर प्लग काढून कनेक्टर बोर्डापासून सोडवा आणि पुन्हा वीज देऊन मोजा. तरीही कमीच असेल तर एसएमपीएसवर संशय धरा. बटण दाबल्यावर हिरवी शून्याजवळ गेली, पण पिवळीवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये काही येत नाही किंवा क्षणभर येऊन जातं, तर प्लग काढून ग्राफिक कार्ड आणि हार्ड डिस्क सोडवा आणि पुन्हा मोजा. तरीही तसंच असेल तर दोष एसएमपीएसचा किंवा बोर्डातल्या शॉर्टचा. तिथे दुसरा एसएमपीएस लागतोच, पण तोवर तो कशासाठी लागतोय हे कळलेलं असतं. उसना मागितला तरी चालतो.

माझं मशीन आजही त्याच कॅबिनेटमध्ये आहे. पॉवर स्विचच्या पिनांवर मी रीसेट बटणाची वायर लावली, आता रीसेट दाबूनच ते चालू होतं. मीटर विकत घेतला. मशीन चांगलं चालू असताना एकदा जांभळी, करडी, पिवळी, लाल आणि नारिंगी या वायरी मोजल्या, मशीन बंद असताना हिरवी मोजली, आणि ते सहा आकडे कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले. घ्यायचाच असेल तर आधी मीटर घ्या, आणि हे आकडे मशीन धड असतानाच लिहून ठेवा.