अवयव पाडणारा कॅल्क्युलेटर: घ्या, पण कंसाकडे लक्ष ठेवा

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला, हजाराच्या वर गेला. मी अमळनेरला स्पर्धा परीक्षेच्या पोरांना गणित शिकवतो, त्यांच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतच नाही मग मास्तरला कशाला पाहिजे असं घरचे म्हणालेच, तर मला हवं होतं ते फॅक्टवालं बटण. संख्या टाका, बरोबरचं चिन्ह दाबा, मग शिफ्ट आणि डिग्री-मिनिटवालं बटण, झाले मूळ अवयव तयार. दहा आकड्यांपर्यंत चालतं.

आधी 720720 टाकली. 2 चा चौथा घात, 3 चा वर्ग, मग 5, 7, 11, 13, सगळं एका ओळीत. इथून पुढे डोकं आपलंच, मशीन काही सांगत नाही. प्रत्येक घातांकात 1 मिळवून गुणायचं, 5×3×2×2×2×2, म्हणजे 240 विभाजक, आणि हिच्याहून लहान कुठल्याच संख्येला एवढे नाहीत, म्हणून ही हायली कॉम्पोझिट. 1 ते 16 सगळ्यांनी भाग जातो, अशी सगळ्यात लहान संख्या पण हीच. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज केली तर 2529072, साडेतीन पट! वर अंकांची बेरीज 18, तिने भागलं तर 40040 आणि बाकी शून्य, म्हणजे हर्षद संख्या. हे नाव देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर मास्तरांनी दिलं, पोरांना त्यांचं 6174 तेवढं माहीत असतं, चार अंक उतरत्या-चढत्या क्रमाने लावून वजा करत गेलं की शेवटी येणारी संख्या.

आता खोट. 4294967297 टाकली, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. फर्मा नावाचा जुना गणिती हिला मूळ समजायचा, ऑयलर या दुसऱ्या गणितीने 1732 मध्ये 641 ने फोडून दाखवली. स्क्रीनवर आलं 641×(6700417). वर्गातला एक जण लगेच, "सर, कंसातली फुटली नाही म्हणजे मूळ ना?" नाही भो, कंस म्हणजे मशीनने हात टेकले, ते तीन आकडी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतं. पुढचं हाताने, 1009 पासून वर्गमुळापर्यंत म्हणजे 2588 पर्यंतच्या मूळ संख्या घेऊन भागत बसायचं. ही निघते मूळच, पण दुसऱ्या एखाद्या संख्येत कंसातलं फुटूही शकतं, आणि माहितीपत्रकात ही गोष्ट इतक्या बारीक अक्षरात दिलीय की कोण वाचतंय.

बाकी बटणं मऊ, आकडे ठळक, कव्हर जरा ढिलं. दुकानदार "लई जा भो, चांगलं शे" (घेऊन जा भाऊ, चांगलं आहे) म्हणत होता, ते खरंय. नुसती बेरीज-वजाबाकी करायची असेल तर मोबाईल आहेच, एवढे पैसे घालू नका. शिकवणाऱ्याने मात्र घ्यावा, पाचपैकी चार स्टार, आणि बिल मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.