प्रशिक्षण: बाहेर पाठवायचं, स्क्रीनवर दाखवायचं की टेबलाशी बसून शिकवायचं?

मार्च तोंडावर आला की सरकारी कार्यालयात प्रशिक्षणाच्या लेखाशीर्षातली शिल्लक आठवते, आणि जो टेबलावरून सहज हलू शकतो त्याचंच नाव पाठवलं जातं. ज्याला गरज कमी, तोच दरवर्षी शिकून येतो. 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणाने केंद्रीय मंत्रालयांना वेतनाच्या तरतुदीतले किमान 2.5 टक्के प्रशिक्षणासाठी ठेवायला सांगितलं, पण ते कोणावर आणि कसे खर्चायचे हे शेवटी कार्यालयप्रमुखालाच ठरवावं लागतं.

पुण्याच्या यशदासारख्या सरकारी प्रशिक्षण संस्थेतलं निवासी प्रशिक्षण सगळ्यात महाग. शुल्क, प्रवासभत्ता, दैनिक भत्ता देयकात दिसतात. रिकामी खुर्ची दिसत नाही. वीस जण पाच दिवस गेले की शंभर मनुष्यदिवस गेले. पगार चालू, टपाल तुंबलेलं. तरीही काही विषय वर्गातच शिकावेत. विभागीय चौकशीचंच घ्या. महाराष्ट्राचे 1979 चे शिस्त व अपील नियम वाचून कोणी चौकशी अधिकारी होत नाही. वर्गात एकाला अपचारी (ज्याच्यावर आरोप आहे तो कर्मचारी), दुसऱ्याला सादरकर्ता अधिकारी (कार्यालयाची बाजू मांडणारा) करून उलटतपासणी घ्यायला लावा. ‘कामात हलगर्जीपणा केला’ हा दोषारोप दहा मिनिटांत कोसळतो: कोणती नस्ती (फाइल), कुठल्या तारखेपासून, किती दिवस पडून होती? नव्याने पदोन्नती मिळालेल्यांना यासाठी पाठवाच.

ऑनलाइन शिक्षण स्वस्त, यात वाद नाही. 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगी या मुख्यतः ऑनलाइन चालणाऱ्या प्रशिक्षण कार्यक्रमासाठी केंद्राने पाच वर्षांना 510.86 कोटी ठेवले, सुमारे 46 लाख कर्मचाऱ्यांसाठी. भागाकार केला तर माणशी साधारण 1,110 रुपये, तेही पाच वर्षांचे मिळून! 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली तसे बदल एकाच वेळी सगळ्यांपर्यंत पोचवायचे तर हाच मार्ग. पण व्हिडिओ आवाज बंद करून कोपऱ्यात चालू असतो आणि माणूस आवक नोंदवत बसलेला असतो. मीही असं एक प्रमाणपत्र मिळवलंय. विषय आता आठवत नाही.

माझा कौल तिसऱ्या पर्यायाला, म्हणजे टेबलाशी बसून शिकवण्याला, विशेषतः ई-ऑफिससारख्या (फाइली संगणकावरच हलवायच्या) कामासाठी. वर्गात नमुन्याची नस्ती झकास पुढे सरकते. परत येऊन स्वतःच्या लॉगिनने टिपणी टाकायला गेलं की डिजिटल स्वाक्षरीचं टोकनच संगणक ओळखत नाही, आणि मग कागदी फाइल पुन्हा बाहेर येते. त्यापेक्षा ज्या शाखेत हे काम रुळलंय तिथला एक लिपिक दोन दिवस अर्धा-अर्धा वेळ शेजारी बसवा. खर्च जवळजवळ शून्य, पण फुकट नाही: त्या दोन दिवसांत त्याचं टेबल दुसऱ्याकडे द्या. नाहीतर तो घाईत ‘आणा इकडे, मीच करून देतो’ म्हणेल आणि शिकणं तिथेच थांबेल. या पद्धतीत एक मोठी खोटही आहे. ‘असंच चालत आलंय’ हेसुद्धा तितक्याच सहज शिकवलं जातं. म्हणून सेवापुस्तकातल्या नोंदी, वेतननिश्चिती अशा नियमांच्या कामाला शेजारी बसणारा आस्थापनेतला जाणकारच हवा, नुसता ज्येष्ठ चालणार नाही.

बाहेर पाठवायचंच ठरलं, तर नामनिर्देशनावर सही करण्याआधी त्या पाच दिवसांत ते टेबल कोण सांभाळणार, ते नाव विचारा. नाव पुढे येत नसेल तर ती जागा पुढच्या तुकडीत मागा.