ओपनफोम: परवाना फुकट, पण कोअर-तास जपून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेलची शेड घ्या. वर तापलेला पत्रा, खाली मागांच्या मोटारींची उष्णता, भिंतीत एक्झॉस्ट फॅन. फॅन कुठे बसवले तर गरम हवा खरंच बाहेर पडेल, हे पाहायला समजा शेडमधल्या हवेचे 60 लाख बारीक तुकडे, म्हणजे सेल, पाडून जाळी केली, तर कॉलेजच्या लॅबमधल्या पीसीवर ती रांगतसुद्धा नाही. मग सोलापुरातून एसएसएचने (दूरच्या यंत्रावर लॉगिन करायची सोय) पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या (आयसर या संस्थेतला महासंगणक) सामायिक यंत्रावर जायचं. तिथे ओपनफोमचा, म्हणजे हवा-पाण्याचा प्रवाह सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मोठा फायदा असा की 2004 पासून ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं आहे. कोअर कितीही वापरा, परवान्याचं मीटर पडत नाही.

मीटर पडतं ते कोअर-तासांचं, म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर एक तास वापरल्याचं. आणि ओपनफोमच्या मूळ सेटिंग्ज एकट्याच्या पीसीसाठी ठीक असल्या, तरी चारचौघांच्या यंत्रावर उधळ्या आहेत.

आधी कोअर किती मागायचे ते ठरवा. एका कोअरला 20 ते 50 हजार सेल हा चांगला पल्ला. 60 लाखांसाठी 48 कोअरचे चार नोड (मोठ्या यंत्रातले स्वतंत्र संगणक), म्हणजे 192 कोअर. प्रत्येकाच्या वाट्याला 31,250 सेल येतात. याहून खूप जास्त कोअर लावले की दाबाचं समीकरण सोडवताना हिशोबापेक्षा एकमेकांना निरोप देण्यातच वेळ जातो. नोडच्या आतही अडचण आहे. हे काम मेमरीच्या वेगावर अडतं, त्यामुळे 24 ऐवजी 48 कोअर लावून वेग दुप्पट होत नाही. दोन, चार आणि आठ नोडवर शंभरेक टाइमस्टेप चालवून बघा आणि मगच मोठा जॉब टाका. जाळी कोअरांमध्ये वाटायला स्कॉच पद्धत पुरते. त्याआधी सेलचे क्रमांक नीट लावणारा रीनंबरमेश चालवा. काही मिनिटांचं काम आहे, पण बहुतेक जाळ्यांना त्याचा फायदा होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक अगदी साधी आहे: अनेक कोअरवर काम सुरू करणाऱ्या एमपीआयरन आज्ञेच्या ओळीत शेवटी ‘पॅरलल’ हा पर्याय न लिहिणं. मग 192 कोअर एकच केस 192 वेळा, स्वतंत्रपणे चालवतात आणि एकमेकांच्या फाइलींवर लिहितात. सुरुवातीला लॉगमध्ये एनप्रॉक्सपुढे (कोअरची संख्या) 1 दिसला, तर जॉब तिथेच मारा.

दुसरा घोळ फाइलींचा. मूळ पद्धतीत प्रत्येक कोअर प्रत्येक फील्डची (दाब, तापमान, वेग वगैरेंची) वेगळी फाइल लिहितो. 192 कोअर, नऊ फील्ड, 50 वेळा साठवण: 86,400 फाइली. लस्टर या सामायिक साठवणीच्या, फाइलींची नोंद ठेवणाऱ्या मेटाडेटा सर्व्हरवर याचा ताण येतो आणि शेजाऱ्यांचे जॉबही रखडतात. त्यावर उपाय म्हणजे फाइलहँडलर ‘कोलेटेड’ (सगळ्या कोअरचा डेटा एकत्र लिहिणारा) करा, राइटफॉरमॅट बायनरी ठेवा आणि पर्जराइट 3 करा, म्हणजे शेवटचे तीनच टप्पे राहतील. एमपीआय (कोअरमधले निरोप पोचवणारी लायब्ररी) थ्रेडसह बांधलेलं नसेल, तर कोलेटेडचा थ्रेड-बफर शून्य करावा लागतो. नाहीतर लिहिताना जॉब अडकू शकतो. मधल्या काळातले छेद आणि फॅनच्या तोंडचा प्रवाह फंक्शन ऑब्जेक्टने (चालू हिशोबातच हवं तेवढं काढणारी सोय) वेगळे काढा. पूर्ण फील्ड सोलापूरला ओढत आणायचा हट्ट धरू नका. निकालाची चित्रं दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूचा सर्व्हर तिकडेच चालवा.

यंत्रावरची जॉबची रांग सांभाळणाऱ्या स्लर्मशी ओपनफोमचं बरं जमतं. राइटकंट्रोल ‘क्लॉकटाइम’ करून दर 3600 सेकंदांनी साठवा आणि स्टार्टफ्रॉम ‘लेटेस्टटाइम’ ठेवा. वॉलटाइम (जॉबला मिळालेली वेळ) संपून जॉब मारला गेला तरी फार तर तासाभराचं काम जातं. म्हणून तीन दिवस मागण्यापेक्षा आठ-आठ तासांचे जॉब एकामागून एक लावा. बॅकफिलमध्ये (रांगेतल्या रिकाम्या जागा भरताना) लहान जॉबला मधली फट लवकर सापडते. एसबॅच या स्लर्मच्या आज्ञेने टाकलेला जॉब इकडची वीज गेली तरी तिकडे चालूच राहतो. सगळे जिथे आधी शिरतात त्या लॉगिन नोडवर मात्र सॉल्व्हर (हिशोब करणारा प्रोग्राम) चालवू नका, जाळीसुद्धा नाही.

गुण कापावेत ते आवृत्त्यांच्या गोंधळासाठी. दोन संस्था आपापली ओपनफोम काढतात: फाउंडेशनची वेगळी, ओपनसीएफडीची वेगळी. पहिलीत शेडच्या केसला लागणारा बॉयंटपिम्पलफोम हा सॉल्व्हर गेला आणि आवृत्ती 11 पासून फोमरन आला. व्ही2312 सारखे आकडे असलेल्या दुसरीत तो तसाच आहे. एकीचं ट्युटोरियल दुसरीवर चालवलं की जॉब रांगेत तासन्‌तास थांबून पहिल्याच सेकंदाला पडतो. मॉड्यूल अव्हेल या आज्ञेने यंत्रावर कोणती आहे ते आधी पाहा आणि केस त्याच आवृत्तीच्या ट्युटोरियलवरून उचला.

जाळी दहा लाख सेलच्या आत असेल, तर रांगेत उभं राहू नका. 16 कोअरचा वर्कस्टेशन पुरेसा आहे.